खोक्यावर २५,००० तास लिहिलेत, मग बल्ब आठ महिन्यांत का गेला?

कोथरूडला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या एका गृहस्थांनी विचारलंय: "घरात चौदा एलईडी बल्ब लावले. वर्षाच्या आत चार गेले, त्यातले बाथरूमच्या काचेच्या बंद गोळ्यातले दोन आठ महिन्यांतच. खोक्यावर २५,००० तास लिहिलंय. इलेक्ट्रिशियन म्हणतो, एलईडी असेच असतात. बेडरूममधला बल्ब बटण बंद केल्यावरही रात्रभर मंद पेटलेला दिसतो. आठवीतली मुलगी विचारते, बल्ब पुढून गार आणि मागून चटका बसेल इतका गरम, असं का? मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही. एलईडी चालतो कसा, ते सोप्या भाषेत सांगाल का?"

मुलीचा प्रश्न मी आधी घेतो, कारण तो सुटला की बाकीचे बरेचसे सुटतात. माझं बुधवार पेठेत, तपकीर गल्लीजवळ दुरुस्तीचं दुकान आहे. सत्तावीस वर्षांत ट्यूबचे चोक, मग सीएफएल आणि आता एलईडी असं सगळं टेबलावरून गेलंय. मेलेला बल्ब उघडला की आतल्या नऊ-दहा एलईडींपैकी एखादाच गेलेला असतो. कित्येकदा तोही नाही, मागचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज मोजून देणारं सर्किट, गेलेला असतो. एलईडीला दोन गोष्टी लागतात: मोजून दिलेला करंट, आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट. तुमच्या घरात यातलं काहीतरी अडलंय. नेमकं काय, ते बल्ब कुठे होता, जाताना कसा गेला आणि वायरिंग कसं आहे यावर ठरेल. ते शोधायचं कसं, ते सांगतो.

जुना पिवळा बल्ब आठवा. साठच्या बल्बमध्ये एक बारीक तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापायची आणि तापल्यामुळे प्रकाशायची. वीज जेवढी खायची त्यातली जेमतेम पाच टक्के उजेडात यायची. बाकीची बहुतेक न दिसणाऱ्या उष्ण किरणांच्या रूपात काचेतून बाहेर पडायची. म्हणून त्याच्यासमोर हात धरला की ऊब लागायची, आणि म्हणूनच कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला तो बल्ब लावायचे. उजेडाबरोबर उष्णताही पुढूनच निघून जायची.

एलईडीत काहीच तापवावं लागत नाही. तो मुळात डायोड आहे, म्हणजे एकाच दिशेने करंट जाऊ देणारा तुकडा. दोन प्रकारचे अर्धवाहक (सेमीकंडक्टर, म्हणजे विजेला अर्धवट वाट देणारे पदार्थ) एकमेकांना जोडलेले असतात. एका बाजूला इलेक्ट्रॉन जास्तीचे असतात, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनच्या जागा रिकाम्या असतात. जुन्या वाड्याची माडी डोळ्यांसमोर आणा. इलेक्ट्रॉन माडीवर उभे आहेत आणि मोकळ्या जागा खाली सोप्यात आहेत. बॅटरी योग्य दिशेने जोडली की इलेक्ट्रॉन जोडापाशी ढकलले जातात आणि तिथे माडीवरून सोप्यातल्या मोकळ्या जागेत उतरतात. उतरताना जेवढी ऊर्जा सुटते तेवढीच घेऊन प्रकाशाचा एक कण बाहेर पडतो. माडी किती उंच, यावर त्या प्रकाशाचा रंग ठरतो. कमी उंची असेल तर लाल, जास्त असेल तर निळा. ही उंची पदार्थाची असते, बाहेरून बदलता येत नाही. त्यामुळेच लाल एलईडी दोनेक व्होल्टवर पेटतो आणि निळ्याला तीनच्या आसपास लागतात.

मग प्रत्येक डायोड का उजळत नाही? तुमच्या बल्बच्या ड्रायव्हरमध्येही चार डायोड असतात. जोड तसाच, पण ते सिलिकॉनचे असतात. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला माडीवरून सरळ खाली येता येत नाही. जिना बाजूला आहे म्हणा. येताना तो धडपडत येतो आणि ऊर्जा जवळजवळ सगळी उष्णतेत जाते. गॅलियमच्या काही संयुगांत मात्र तो सरळ खाली येतो. निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला, तो अशाच संयुगाचा होता. पुढे हिरवा आला, पिवळा आला, टेपरेकॉर्डरवर आणि मीटरवर ठिपके दिसू लागले. पण घर उजळेल असा एलईडी यायला आणखी तीस वर्षं लागली, कारण निळा जमत नव्हता. त्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिकच वाढत नव्हते. जपानमध्ये इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ते करून दाखवलं. १९९३ मध्ये लख्ख निळा एलईडी बाजारात आला आणि २०१४ मध्ये तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मला स्वतःला या नोबेलचा फार आनंद झाला होता, कारण रोज हाताळतो त्या वस्तूला ते मिळालं होतं.

निळा इतका महत्त्वाचा का, ते एक बंद पडलेला बल्ब उघडून मुलीला दाखवा. होल्डरमधून काढून दहा मिनिटं बाजूला ठेवा, मग वरची पांढरी टोपी दाबून फिरवली की निघते. आत पांढऱ्या गोल प्लेटवर पिवळे चौकोनी ठिपके दिसतील. त्या पिवळ्या थराखाली निळा एलईडी आहे. पांढरा प्रकाश देणारी अशी कुठली एक उंची नाही, म्हणून निळ्यावर फॉस्फरचा पिवळा लेप देतात. थोडा निळा तसाच बाहेर येतो, थोडा लेपात शिरून पिवळा होऊन येतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. लेप जाड आणि त्यात लालसर झाक असेल तर वॉर्म व्हाइट, पातळ असेल तर कूल. टोपी काढलेला बल्ब पुन्हा होल्डरमध्ये मात्र कधीही घालू नका. बहुतेक स्वस्त बल्बांत त्या ठिपक्यांचा मेन्सशी, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेशी, थेट संबंध असतो आणि हात लागला तर जिवाशी गाठ आहे.

आता मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. एलईडी पुढे फक्त उजेड टाकतो, उष्ण किरण जवळजवळ नाहीतच. पण सगळेच इलेक्ट्रॉन उजेड देत नाहीत. नऊ वॉटच्या बल्बमध्ये साधारण तीन-साडेतीन वॉट उजेडात जातात, उरलेले पाच-साडेपाच वॉट त्या इवल्याशा ठिपक्यांच्या आत आणि ड्रायव्हरमध्ये उष्णता होऊन बसतात. तिला किरण होऊन उडून जाता येत नाही. ठिपक्यातून प्लेटच्या ॲल्युमिनियममध्ये, तिथून बल्बच्या मागच्या भागात, तिथून हवेत, असं धातूला धरून सरकतच जावं लागतं. म्हणून पुढून गार, मागून गरम. मागचा भाग गरम लागतोय याचा अर्थ उष्णता बाहेर पडतेय, ते चांगलंच आहे. ती जिथे पडू शकत नाही तिथे बल्ब मरतो.

तुमच्या बाथरूममधले दोन बल्ब बहुतेक असेच गेले. काचेच्या बंद गोळ्यात हवा कोंडलेली. वर होल्डर, खाली गोळा, वाफ जाऊ नये म्हणून रबर. बल्बभोवतीची हवा तापते आणि तापलेलीच राहते. नारायण पेठेतल्या एका वाड्यात दिवाणखान्यात जुनी काचेची हंडी होती. मालकांनी तिच्यात नऊ वॉटचा बल्ब लावलेला, आणि दर चार-पाच महिन्यांनी तो घेऊन ते माझ्याकडे यायचे. मी तिथे पाच वॉटचा लावायला सांगितला आणि हंडीच्या तोंडाशी बोटभर फट ठेवायला लावली. उजेड थोडा कमी झाला, पण तो बल्ब तीन दिवाळ्या काढून चालू आहे. बंद फिटिंगमध्ये वॉट कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि का कोण जाणे, तो कुणी सांगत नाही.

आता २५,००० तासांचं. रोज सहा तास धरले तर अकरा वर्षांहून जास्त होतात. हा आकडा खोटा नसतो, पण तो कशाचा आहे ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत नसतं. एलईडी ठरावीक तापमानाला काही हजार तास पेटवून ठेवतात, उजेड किती उतरला ते मोजतात आणि पुढचं हिशोबाने काढतात. मूळ उजेडाच्या सत्तर टक्क्यांवर आला की आयुष्य संपलं असं धरतात. हा झाला ठिपक्याचा हिशोब. मागच्या ड्रायव्हरमध्ये एक कंडेन्सर असतो, त्याचा हिशोब वेगळा.

ड्रायव्हर काय करतो ते आधी बघू. तुमच्या घरात २३० व्होल्टचा एसी येतो, सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारा. ठिपक्यांना एकाच दिशेचा करंट हवा. मघाचे चार डायोड तो एका दिशेला वळवतात. पण तो अजून लाटांसारखा वरखाली होत असतो, शिखरावर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत जातो. कंडेन्सर पाण्याच्या टाकीसारखा मधले खड्डे भरून काढतो. मग एक छोटी आयसी (चिप) आणि कॉइल मिळून ठिपक्यांच्या माळेतून ठरलेलाच करंट जाऊ देतात. करंट मोजून देण्यावर एवढा जोर का? एलईडीला एक-दोन दशांश व्होल्ट जास्त दिले तरी करंट दुपटीपर्यंत जाऊ शकतो. शिवाय तापला की तो त्याच व्होल्टेजला आणखी करंट ओढतो, म्हणजे आणखी तापतो. लगाम नसेल तर काही क्षणांत जळतो.

हा कंडेन्सर आतून ओलसर असतो. उष्णतेने ती ओल हळूहळू उडून जाते. आमच्या धंद्यातला ठोकताळा असा, की दहा अंश तापमान वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं. दुकानात मी बल्ब उघडतो तेव्हा आधी कंडेन्सरच्या अंगावरचा आकडा वाचतो. चांगल्या बल्बमध्ये १०५ अंश लिहिलेलं असतं. समजा तो ५,००० तासांचा आहे. आतलं तापमान ८५ असेल तर आयुष्य दोनदा दुप्पट होऊन २०,००० तास भरतं. स्वस्त बल्बमध्ये ८५ अंशांचा, २,००० तासांचा सापडतो. आत तेवढंच तापमान असेल तर त्याला २,००० तासच मिळतात, म्हणजे रोज सहा तासांनी जेमतेम अकरा महिने. बंद गोळ्यात तापमान आणखी वर गेलं की तुमचे आठ महिने आले. दोन्ही बल्बांच्या खोक्यांवर आकडा २५,०००च असू शकतो.

आतापर्यंतचं थोडक्यात: निळा ठिपका आणि पिवळा लेप मिळून पांढरा उजेड, उष्णता मागून बाहेर, आणि करंट सांभाळायला ड्रायव्हर. बल्ब जाताना यातलं काय गेलं ते तो दाखवून जातो.

टोपी काढल्यावर एखाद्या पिवळ्या ठिपक्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा काळा डाग दिसला तर तो एलईडी जळालाय. सगळे एकामागे एक जोडलेले असतात, गणपतीच्या जुन्या माळेसारखे, म्हणून एक गेला की सगळे बंद. बल्ब पेटतो, काही मिनिटांनी विझतो, गार झाला की पुन्हा पेटतो, असं होत असेल तर आतली केसाहून बारीक तार तापल्यावर सुटतेय आणि गार झाल्यावर टेकतेय. उजेड थरथरत असेल तर कंडेन्सर सुकला. आणि सगळे ठिपके पिवळेजर्द, पण मागून जळका वास, तर व्होल्टेजचा झटका बसलाय.

काही जण काळ्या ठिपक्यावर सोल्डरचा थेंब टाकून दोन टोकं जोडून देतात. बल्ब लगेच पेटतो. मी ते करून देत नाही. एक ठिपका ज्या उष्णतेने गेला ती तशीच आहे, आणि स्वस्त ड्रायव्हर असेल तर गेलेल्या ठिपक्याचा भार ड्रायव्हरवरच पडतो. गिऱ्हाईक महिन्याने परत येतं.

व्होल्टेजच्या झटक्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुमचे उरलेले दोन बल्ब तसेही गेले असतील. हडपसरकडच्या एका सोसायटीत एका संध्याकाळी जिन्यातले अकरा बल्ब एकदम गेले होते. सगळ्यांना वाटलं, लॉट खराब. मी मीटर लावला तर जिन्याच्या फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) २३० च्या जागी २९० च्या पुढे दिसत होते. मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रलचा (वीज परत नेणाऱ्या तारेचा) स्क्रू सैल होता. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी तिथलं व्होल्टेज चढतं, आणि जिन्यात लोड काय, बल्बच. स्क्रू आवळला, तारेच्या टोकाची काळी पडलेली थिंबल बदलली, आणि नंतर वर्षभरात तिथून एक बल्ब आला. म्हणून माझा तुम्हाला प्रश्न: ते दोन बल्ब एकाच दिवशी किंवा एकाच आठवड्यात गेले का? त्याच सुमाराला शेजाऱ्यांचं काही गेलं का? उत्तर हो असेल तर बल्ब बदलत बसू नका, आधी तुमचा आणि सोसायटीचा न्यूट्रल तपासून घ्या. फ्रिज आणि टीव्हीसुद्धा त्याच तारेवर आहेत.

आता रात्रभर मंद पेटणारा बल्ब. यात भुताटकी नाही आणि बहुतेक वेळा बल्बचाही दोष नसतो. एलईडीला दिसण्याइतपत उजळायला करंटचा अगदी सूक्ष्म अंश पुरतो. पहिलं कारण, बटणावरचा तो लाल इंडिकेटर. बटण बंद असताना त्याला पेटायला जो करंट लागतो तो तुमच्या बल्बमधूनच जातो. जुन्या पिवळ्या बल्बमधूनही जायचाच, पण एवढ्याने तार तापायची नाही, त्यामुळे कळायचं नाही. दुसरं कारण, लांबवर शेजारून गेलेल्या तारा. एकीत फेज चालू असेल तर शेजारच्या बंद तारेत थोडा करंट झिरपतो. तिसरं कारण गंभीर आहे: बटण फेजवर न टाकता न्यूट्रलवर टाकलेलं असणं. अशा वेळी बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो आणि बल्ब बदलताना झटका बसतो.

नव्या इमारतीतही हे मी अनेकदा पाहिलंय. काम घाईने उरकलेलं असतं आणि दोन्ही तारा एकाच रंगाच्या वापरलेल्या असतात. तपासायला इलेक्ट्रिशियनला बटण बंद करून होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावायला सांगा. एखाद्या पिनवर टेस्टर लख्ख लागला तर तारा अदलाबदल करून घ्या. मिणमिणता लागला तर तो झिरपणारा करंट असू शकतो. मग इंडिकेटर काढा, किंवा मेन्ससाठीचा एक्स-टू प्रकारचा ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होल्डरवर बल्बला समांतर लावून घ्या. मंद उजेड थांबतो.

नवे घेताना काय बघायचं, ते पटकन. मागे बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीची खूण आणि आर- ने सुरू होणारा क्रमांक हवा. वॉट बघून बल्ब घेऊ नका, ल्युमेन (उजेडाचं माप) बघा. साठचा पिवळा बल्ब सातशे-आठशे ल्युमेनचा होता, आजचा चांगला नऊ वॉटचा सुमारे नऊशे देतो. सर्ज संरक्षण, म्हणजे व्होल्टेजच्या झटक्यापासूनचं संरक्षण, किती किलोव्होल्टचं ते लिहिलेलं असेल तर तो घ्या. फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्यातून पेटलेला बल्ब बघा. पट्टे पळताना दिसले तर कंडेन्सर वाचवलाय, असा बल्ब अभ्यासाच्या टेबलावर नको. रंग तुमच्या आवडीचा, पण बेडरूमला ३,००० केल्विन (पिवळसर) आणि ओट्यावर ४,००० किंवा ६,५०० (जास्त पांढरा) असं मी स्वतः लावलंय. आणि बिल जपून ठेवा. वॉरंटी असते आणि लोक बिल फेकून देतात.

मुलीसाठी एक करा. पाच मिलीमीटरचा साधा लाल एलईडी आणि तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल आणा, दोन्ही मिळून चहाच्या पैशांत येतात. एलईडीचे दोन पाय सेलच्या दोन बाजूंना धरायला सांगा. पेटेल. पाय उलटे करायला सांगा. पेटणार नाही. तोच डायोड. सेल लहान असल्याने तो फार करंट देऊ शकत नाही, म्हणून एलईडी वाचतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीला लावायचा असेल तर मध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर टाका. दोन व्होल्ट एलईडीला, उरलेले सात रेझिस्टरवर, म्हणजे पंधरा मिलिॲम्पिअर. हा भागाकार तिला स्वतःला करू द्या. मग रेझिस्टरशिवाय काय होईल ते तिनेच तुम्हाला सांगावं.

आधी बेडरूमचं बटण बघा, त्यावर इंडिकेटर आहे का. बाथरूमच्या गोळ्यात पाच वॉटचा लावा. आणि मेलेल्या चारही बल्बांच्या टोप्या काढून आत काय दिसतं ते लिहा. काळा डाग आहे की नाही, एवढं कळलं तरी पुढचं सांगता येईल.